खुल्या पाठ्यपुस्तकांचं आफ्रिकान्स भाषांतर: पान पूर्ण झालं हे कोण ठरवणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉशजवळच्या द्राक्षमळ्यांच्या भागात दर शनिवारी भरणाऱ्या एका अभ्यासवर्गात तुम्ही विज्ञान शिकवायला जाता. मुलं शेतमजुरांच्या घरची, घरी आफ्रिकान्स (डचमधून घडलेली तिथली भाषा), शाळेतही आफ्रिकान्स. फुकट मिळणारं जादा साहित्य मात्र बहुतेक इंग्रजीत. म्हणून तुम्ही, काही स्थानिक शिक्षक आणि विद्यापीठातली पोरं मिळून भौतिकशास्त्राचं एखादं खुलं (मोफत आणि परवान्यानुसार कुणालाही वाटता येणारं) पुस्तक आफ्रिकान्समध्ये आणायचं म्हणताय. धडे वाटून घेतले तर किती माणसं लागतील, किती महिने लागतील, आणि आधी मशीनकडून कच्चा मसुदा काढून घ्यावा का, हे तुम्हाला हवंय.

मी वेस्टर्न केप प्रांतात बरीच वर्षं फिजिकल सायन्सेस (भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मिळून एक शालेय विषय) शिकवलं आणि आता शालेय पुस्तकांची आफ्रिकान्स भाषांतरं तपासतो. त्या अनुभवावरून लिहितोय. माणसं आणि महिने यांचा आकडा मी देत नाही, कारण तो तीन गोष्टींवर हलतो: मूळ पुस्तकाच्या फाइली कुठल्या स्वरूपात हाती येतात, पुस्तकात सलग मजकूर किती आणि उदाहरणं किती, आणि तुमच्यातले शिक्षक वर्षाच्या कुठल्या महिन्यांत मोकळे असतात. पण भाषांतर करणारी माणसं मिळणं ही तुमची अडचण नाही. तुमच्या भागात इंग्रजी आणि आफ्रिकान्स दोन्ही सहज लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि अशा कामाला ते आनंदानं पुढे येतात. गाडी अडते ती पुढे. चौदा धडे चौदा जणांनी केले, सगळ्या फाइली गोळा झाल्या, आणि त्यातलं एकही पान मुलांच्या हातात द्यावं असं म्हणायला कुणी तयार नाही. पान पूर्ण झालं हे कोण म्हणणार आणि कशाच्या जोरावर, ते आधी ठरवा. माझं सगळं उत्तर त्याभोवतीच आहे.

आधी एक काम उरका: जे तयार आहे ते पुन्हा करू नका. केपटाऊन विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या काही विद्यार्थ्यांनी २००२ मध्ये शाळांसाठी मोफत विज्ञान पुस्तकं लिहायला घेतली. लिहिणारे सगळे स्वयंसेवक. शटलवर्थ फाउंडेशन या धर्मादाय संस्थेच्या पाठबळावर त्यातूनच पुढे सियावुला ही संस्था उभी राहिली, आणि २०१२ मध्ये त्यांची गणित-विज्ञानाची पुस्तकं सरकारनं छापून देशभरच्या शाळांना वाटली. ग्रेड १० ते १२ च्या गणिताची आणि फिजिकल सायन्सेसची त्यांची पुस्तकं आफ्रिकान्समध्ये आहेत. ती उतरवून घ्या आणि मुलांना आजच द्या. मग बघा की मुलांना नेमकं काय कमी पडतंय. बहुतेक वेळा कमी पडतात ती जादा उदाहरणं, पायरीपायरीनं सोडवलेली, आणि प्रयोगांची साधी वर्णनं. तेवढंच भाषांतर करायचं ठरलं तर काम एकदम आवाक्यात येतं. अख्खं पुस्तक आणण्याचा मोह मी समजू शकतो, पण मुलांची नड आधी बघावी.

परवान्याचं पान भाषांतर सुरू करण्याआधी नीट वाचा. सियावुलाच्या पुस्तकांचंच बघा. प्रायोजकांची नावं-बोधचिन्हं असलेली आवृत्ती ‘श्रेय द्या, पण बदल करून वाटू नका’ या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे, आणि तेच पुस्तक बोधचिन्हांशिवाय नुसत्या ‘श्रेय द्या’ या परवान्याखाली. भाषांतर हाही बदलच. म्हणजे त्यांच्या साहित्यावर काही बेतायचं असेल तर दुसरी आवृत्तीच हाती घ्यावी लागते. ओपनस्टॅक्स या खुली पुस्तकं काढणाऱ्या अमेरिकी संस्थेची पुस्तकं घेणार असाल तर तिथेही प्रत्येक पुस्तकाचा परवाना वेगळा बघा. त्यांच्या कॅल्क्युलसच्या पुस्तकाला ना-व्यापारी वापराची आणि त्याच परवान्यानं पुढे वाटण्याची अट आहे. आज तुम्हाला ती टोचणार नाही, पण उद्या एखाद्या प्रकाशकानं तुमचं भाषांतर छापून स्वस्तात विकायचं म्हटलं तर तिथे अडेल. आणि तुमच्या गटातल्या प्रत्येकाकडून पहिल्याच दिवशी लेखी घ्या की त्याचं भाषांतर कुठल्या परवान्याखाली जाणार. वर्षभरानं नोकरीनिमित्त गाव सोडून गेलेल्या माणसाला शोधत बसणं फार जिकिरीचं असतं.

आता संज्ञा. इथे स्वयंसेवकांचे तास वाद घालण्यात जातात, आणि ते सहज वाचवता येतात. तुमची मुलं शेवटी मॅट्रिकची (इथली बारावीअखेरची) परीक्षा देणार, आणि त्या परीक्षेच्या भाषेतर विषयांच्या प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि आफ्रिकान्स अशा दोन्ही भाषांत निघतात. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर आहेत. एक इंग्रजी आणि एक आफ्रिकान्स अशा शेजारी ठेवा, ओळीला ओळ लावा, आणि दोन शनिवारांत तुमचा संज्ञाकोश तयार होतो. अभ्यासक्रमाचा सरकारी दस्तऐवजही आफ्रिकान्समध्ये आहे. शब्दलेखनाची शंका आली तर दक्षिण आफ्रिकी अकादमीची शब्दसूची आणि नियमावली आहे. ती १९१७ पासून निघते आणि तिची अकरावी आवृत्ती २०१७ मध्ये आली. पण अकादमीनं सुचवलेला शब्द आणि प्रश्नपत्रिकेतला शब्द वेगळे पडले तर डोळे मिटून प्रश्नपत्रिकेतला घ्या. मुलाला गुण तिथे मिळायचे आहेत. प्रश्न उचलू नका, संज्ञा घ्या.

हे इतकं ताणून का सांगतोय, ते एका प्रसंगावरून कळेल. आमच्याच प्रांतातल्या सेरेस गावाकडच्या एका मुलीला मी विजेची उदाहरणं सोडवताना बघत होतो. कागद कुणीतरी मशीनमधून काढून दिलेला. उदाहरणात विद्युत मोटरची शक्ती काढायची होती, आणि आफ्रिकान्स वाक्यात शब्द आला होता ‘क्राख’. घरात वीज गेली की क्राख गेली म्हणतात, त्यामुळे मशीनलाही तो चपखल वाटला असणार. पण भौतिकशास्त्राच्या तासाला क्राख म्हणजे बल. शक्तीसाठी शब्द आहे ‘द्रेव्हिंग’. मुलगी हुशार. तिनं मुकाट्यानं बलाचं सूत्र लिहिलं आणि मग मला विचारलं, “सर, यात वस्तुमान दिलेलंच नाही. मग त्वरणाला कशानं गुणू?” वाक्य व्याकरणानं निर्दोष होतं. इंग्रजी समोर ठेवून वाचणाऱ्या तपासनिसालाही ते खटकलं नसतं, कारण त्याच्या डोक्यात मूळ शब्द आधीच बसलेला असतो.

म्हणून माझ्या कामात मी एक भूमिका सगळ्यांत वर ठेवतो: सोडवणारा. या माणसानं मूळ इंग्रजी पान बघायचंच नाही. त्याला फक्त आफ्रिकान्स पान, कोरा कागद आणि गणकयंत्र द्यायचं. त्यानं प्रत्येक उदाहरण सोडवायचं आणि आपलं उत्तर भाषांतराच्या मागे दिलेल्या उत्तराशी ताडायचं. उत्तर जुळलं नाही, किंवा प्रश्न दोनदा वाचावा लागला, की तिथे खूण करायची. दुरुस्ती त्यानं करायची नाही. ती भाषांतरकारानं करायची आणि पान पुन्हा सोडवणाऱ्याकडे जायचं. पान पूर्ण झालं असं म्हणण्याचा अधिकार फक्त त्याचा. भाषांतरकार कितीही चांगला असो, स्वतःच्या पानावर ही सही त्याला करता येत नाही. तुमच्याकडे विद्यापीठातली अभियांत्रिकी आणि विज्ञान शाखेची पोरं आहेत ना, त्यांतली निम्मी तरी भाषांतराला न लावता या कामाला लावा. ज्यांनी स्वतः मॅट्रिक आफ्रिकान्समधून दिलंय, त्यांना आधी.

व्याख्यांचं प्रकरण वेगळं आहे. फिजिकल सायन्सेसच्या परीक्षेसाठी खातं मार्गदर्शिका काढतं आणि त्यात नियम आणि व्याख्या कशा लिहायच्या ते शब्दशः दिलेलं असतं. न्यूटनचा दुसरा नियम लिहिताना ‘निव्वळ बल’ यातला ‘निव्वळ’ गाळला तर गुण जातो. मार्गदर्शिका आफ्रिकान्समध्येही आहे. तेव्हा व्याख्या भाषांतर करूच नका, मार्गदर्शिकेतल्या रूपात ठेवा. तुमच्या मूळ अमेरिकी पुस्तकातली व्याख्या अधिक सुंदर असेल, समजायला सोपीही असेल. ती खाली स्पष्टीकरण म्हणून येऊ द्या.

आकड्यांकडे वळू. दक्षिण आफ्रिकेत दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात. गुरुत्वत्वरण ९,८ असं छापलं जातं. अमेरिकी पुस्तकात पूर्णविराम असतो. मग कुणालातरी कल्पना सुचते की फाइलीतले सगळे पूर्णविराम एका आज्ञेत बदलून टाकू. तसं केलं की आकृती ३.२ ची ३,२ होते, संकेतस्थळांचे पत्ते मोडतात, विभागांचे क्रमांक बिघडतात. शिवाय दशांशाला स्वल्पविराम आला की निर्देशक वेगळे करायला तो उरत नाही. म्हणून इथल्या शाळांत बिंदू (२; ३) असा अर्धविरामानं लिहितात, आणि भाषांतरात (२,५, ३) असं काही राहिलं तर मूल तीन आकडे वाचतं. हे बदल हातानं, एकेका सूत्रात बघून करावे लागतात. कंटाळवाणं काम आहे. ते एकाच शांत माणसाकडे द्या, चौदा जणांत वाटू नका.

मूळ पुस्तक अमेरिकी असेल तर आकड्यांच्या मागचं जगही बदलावं लागतं. तिकडे घरातला विजेचा दाब १२० व्होल्ट, इथे २३०. उदाहरणातला हिटर २३० व्होल्टवर नेला की प्रवाह बदलतो, शक्ती बदलते, मागची उत्तरंही बदलतात. जुलैत उन्हाळा असलेलं उदाहरण केपच्या मुलाला कोड्यात टाकतं, कारण त्याच्याकडे तेव्हा पाऊस आणि थंडी असते. बेसबॉलच्या जागी क्रिकेटचा चेंडू घ्यायचा असेल तर वस्तुमानही क्रिकेटच्या चेंडूचंच घ्या. माझा नियम साधा आहे: आकडा बदलला की त्याच बैठकीत उत्तर नव्यानं काढायचं आणि बदलांच्या यादीत नोंदवायचं. नंतर करू म्हणून सोडलेलं उत्तर तसंच छापलं जातं.

साधनं कुठली वापरावीत हे तुम्ही विचारलं नाहीत, पण वाक्यरचनेमुळे तो विषय येतोच. ओमेगाटी किंवा वेबलेट ही संगणकावर भाषांतर करायची साधनं, दोन्ही मोफत आहेत आणि दोन्ही चालतील. ती मजकुराचे वाक्यागणिक तुकडे करून दाखवतात. आफ्रिकान्समध्ये नकार दोनदा येतो: एक ‘नी’ क्रियापदाजवळ आणि दुसरा ‘नी’ वाक्याच्या अगदी शेवटी. ‘कोन तीस अंशांपेक्षा कमी असेल तर ठोकळा घसरत नाही’ या वाक्यात तो दुसरा नी तीस अंशांच्याही नंतर येतो. पुस्तकात ती अट वेगळ्या ओळीवर सूत्र म्हणून छापलेली असली की साधन वाक्य तिथेच तोडतं आणि शेवटचा नी गळून पडतो. गौण वाक्यात क्रियापदही शेवटी जातं. आपल्याला मराठीमुळे ते अंगवळणी आहे, पण इंग्रजीच्या क्रमानं तुकडे पाडणाऱ्या साधनाला नाही. उपाय असा की काम सुरू करण्याआधी एखाद्या तांत्रिक माणसानं फाइली अशा लावून द्याव्यात की सूत्र वाक्याच्या पोटातच राहील आणि भाषांतरकाराला ते मागेपुढे सरकवता येईल. त्यासाठी मूळ फाइली लागतात. नुसत्या पीडीएफवरून काम करायला घेऊ नका. आकृत्यांचंही तेच: ज्यांच्यातला मजकूर बदलता येतो अशाच आकृत्या मागवा.

मशीन वापरावं का? वापरा, पण सगळीकडे नाही. सलग स्पष्टीकरणाचे परिच्छेद, ऐतिहासिक माहिती, प्रस्तावना यांचा कच्चा मसुदा मशीननं काढला तर वेळ वाचतो, कारण आफ्रिकान्स ते बरंच सफाईनं लिहितं. व्याख्या, उदाहरणं, उत्तरं आणि आकृत्यांखालच्या ओळी मात्र माणसानं कोऱ्या पानापासून लिहाव्यात. सफाईदार मसुदा तपासणाऱ्याचं लक्ष मंदावतं. वाक्य नीट वाहतंय म्हटल्यावर डोळा पुढे जातो, आणि एकाच धड्यात एक संज्ञा दोन रूपांत राहते. वेग आणि चाल यांच्यासाठी आफ्रिकान्समध्ये स्वतंत्र संज्ञा आहेत, पण रोजच्या बोलण्यात त्या एकमेकींच्या जागी चालतात आणि मशीनही त्या अदलाबदल करतं. सदिश-अदिशचा सगळा धडाच त्या फरकावर उभा आहे. आणखी एक: आफ्रिकान्समध्ये जोडशब्द जोडूनच लिहितात. इंग्रजीच्या सवयीनं ते सुटे पडतात, माणसांकडूनही. सुटे शब्द शोधायला संज्ञाकोशावरून एक छोटी तपासणी आज्ञा लिहून घ्या. तुमच्यातल्या संगणकवाल्याचं ते दुपारभराचं काम आहे.

आतापर्यंतचं एकत्र करायचं तर क्रम असा होतो: काय कमी पडतंय ते बघा, परवाना आणि मूळ फाइली मिळवा, प्रश्नपत्रिकांवरून संज्ञाकोश करा, मग भाषांतर, मग आकडे, मग सोडवणारा.

कुठली आफ्रिकान्स लिहायची, हा वाद तुमच्या गटात होईलच, आणि तो व्हायला हवा. आफ्रिकान्स म्हटलं की अनेकांना १६ जून १९७६ चं, जोहान्सबर्गजवळचं सोवेटो आठवतं. वर्णभेदी सरकारनं कृष्णवर्णीय मुलांवर गणितासारखे विषय आफ्रिकान्समधून शिकण्याची सक्ती केली आणि मुलं रस्त्यावर आली. ती जखम खरी आहे. तिच्याबद्दल कुणी बोललं तर ऐकून घ्या. पण ती भाषा फक्त सक्ती करणाऱ्यांची नव्हती. देशात आफ्रिकान्स ही घरची भाषा असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक गोरे नाहीत. केपमधल्या मुस्लिम वस्त्यांतले मदरसे एकोणिसाव्या शतकात अरबी लिपीतून आफ्रिकान्स शिकवत होते. अबू बक्र एफेंदी या उस्मानी धर्मपंडितांनी त्या भाषेत लिहिलेलं धर्मशिक्षणाचं पुस्तक १८७७ मध्ये इस्तंबूलला छापलं गेलं. तुमच्या वर्गातली मुलं बोलतात ती भाषा या लोकांच्या भाषेच्या जवळची आहे, आणि वर्तमानपत्री आफ्रिकान्सहून बरीच वेगळी. मी असं करतो: संज्ञा परीक्षेच्या, वाक्यं छोटी आणि बोलीला जवळची, आणि उदाहरणांतली नावं, गावं, कामं मुलांच्या ओळखीची. द्राक्षांच्या पेट्या उतारावरून घसरवता येतात, आणि पाणी उपसणाऱ्या पंपाची शक्ती मोजता येते. धडा छापण्याआधी वर्गातल्या एखाद्या मुलाला तो मोठ्यानं वाचायला सांगा. तो जिथे अडखळतो तिथे रेघ मारा आणि त्याला तेच त्याच्या शब्दांत सांगायला लावा. पुष्कळदा त्याचं वाक्य आपल्यापेक्षा सरळ असतं. ते घ्या, आणि श्रेयाच्या यादीत त्याचं नाव घाला. अर्थात घरच्यांना विचारून.

काही पालक विचारतील की पुढे विद्यापीठात इंग्रजीच लागणार, मग ही खटपट कशाला. प्रश्न रास्त आहे. स्टेलनबॉश विद्यापीठाच्या २०१६ च्या भाषाधोरणानं इंग्रजीतून शिक्षण सगळ्यांना उपलब्ध केलं आणि आफ्रिकान्सचा वाटा कमी केला. घटनात्मक न्यायालयानं ते २०१९ मध्ये कायम ठेवलं. महाराष्ट्रात दहावीपर्यंत मराठीतून शिकून अकरावी सायन्सला इंग्रजीत पडलेल्या कुणालाही हा धक्का सांगायला नको. त्यावर माझ्याकडे एकच साधा उपाय आहे आणि तो चालतो: प्रत्येक संज्ञा धड्यात पहिल्यांदा येते तिथे समासात तिचं इंग्रजी रूप छापायचं, आणि मागे दोन्ही भाषांतली सूची द्यायची. संकल्पना आपल्या भाषेत पक्की झालेलं मूल इंग्रजी शब्द महिन्याभरात उचलतं. उलट्या बाजूनं मात्र वर्षानुवर्षं पाठांतरच चालू राहतं, हे मी वर्गात पाहिलंय.

वेळेचं म्हणाल तर शाळांचं वर्ष जानेवारीच्या मध्यावर सुरू होतं आणि डिसेंबरच्या सुरुवातीला संपतं. ऑक्टोबरपासून मॅट्रिक, पाठोपाठ पेपर तपासणी. त्या काळात शिक्षकांकडून एका पानाचीही अपेक्षा ठेवू नका. विद्यापीठातली पोरंही जून आणि नोव्हेंबरला परीक्षेत अडकलेली असतात. खरं काम फेब्रुवारी ते मे आणि जुलै ते सप्टेंबर या दोन टप्प्यांतच होतं. धडे वाटून घेण्याची कल्पना मात्र मला पटत नाही. सगळ्यांनी मिळून एकच प्रकरण आधी शेवटाला न्या: भाषांतर, आकडे, आकृत्या, उत्तरं, सोडवणाऱ्याची सही, मुलाचं वाचन, छपाई. त्याला लागलेले तास लिहून ठेवा. तुमच्या महिन्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्या आकड्यातून मिळेल, आणि ते माझ्या कुठल्याही अंदाजापेक्षा खरं असेल. पुढची प्रकरणं थोडी भरभर होतात, कारण संज्ञाकोश आणि फाइलींची मांडणी तयार असते.

सुरुवातीला मी विद्युत परिपथांचं प्रकरण घेईन. त्यात व्याख्या मोजक्या, आकृत्या साध्या, आकडेमोड भरपूर, आणि शक्ती-बलासारख्या संज्ञा पहिल्याच आठवड्यात समोर येतात, त्यामुळे गटाची सगळी शिस्त तिथेच बसते. सोडवणारा माणूस मिळाला नाही तर पहिल्या प्रकरणापुरतं मी ते काम करीन. फक्त आफ्रिकान्स पानं पाठवा, उत्तरं वेगळ्या फाइलीत ठेवा, आणि इंग्रजी मूळ मला पाठवू नका.